मामाजींच्या इंजिनाला जर्मन डबी

करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा
अनंत चतुर्दशीचा आदला दिवस, १९८६

तीर्थरूप भोजराजभाऊ यांस,

आपल्या घरचा जावई जागेश्वर याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एक हात नीट जुळत नाही, अंगठ्याला पट्टी आहे. त्याचं कारण खाली येईल.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आणि तिकडे तुम्ही, वहिनी व मुली त्या जर्मनीच्या गारठ्यात सुखरूप असाल अशी खात्री बाळगतो. यंदा धानाची रोवणी वेळेवर उरकली, बांध्यांत पाणी उभं आहे, तलाव काठोकाठ आहे. मामाजींचं बीपी ठीक, मामीजींचे गुडघे होते तसेच, आणि तुमची बहीण निर्मला कालपासून माझ्याशी परत बोलू लागली आहे. तिचा हुकूम असा की पत्र परदेशात जाऊन राहिलं, तर शुद्ध मराठीत लिहा, साकोलीच्या दुकानात बोलता तसं लिहू नका. मी प्रयत्न करून राहिलो. कुठे घसरलो तर तो अंगठ्याचा दोष समजावा.

तर भाऊ, तुमचा खोका पोचला. नागपूरच्या तुमच्या स्नेह्यांनी तो दुकानात आणून दिला तेव्हा माझ्यासमोर दोन रेडिओ आणि एक टेपरेकॉर्डर उघडे पडले होते. ते तसेच सोडून मी आधी खोका फोडला. काय ते जर्मन लोकांचं पॅकिंग, बावा! आत बटणांची पाटी, एक वजनदार ट्रान्सफॉर्मर, वायरी, जर्मन भाषेतलं एक पुस्तक (ज्यातला मला फक्त पानांचा नंबर वाचता आला), आणि थर्माकोलच्या घरट्यात निजवलेली ती डबी, काड्यापेटीएवढी. सोबत तुमची चिठ्ठी. चिठ्ठीच्या शेवटी तुम्ही लिहिलं होतं की बसवायला सोपं आहे, तुमच्यासारख्या माणसाला तासाभराचं काम. भाऊ, रागावू नका, पण तुम्ही इंजिनिअर लोक ‘सोपं आहे’ हे ज्या सहजतेनं लिहिता ते पाहून मला घाम फुटतो. माझ्या दुकानात गिऱ्हाइकानं स्वतःच ‘सोपं काम आहे हो’ असं म्हटलं की मी त्याला आठ दिवसांनी या म्हणून सांगतो.

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला काय झालं हे मी तुम्हांला कळवलं होतंच, पण त्या पत्रातली अर्धी गोष्ट निर्मलेनं मला गाळायला लावली होती, म्हणून आता पूर्ण सांगतो. मामाजींनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, रेल्वेच्या छोट्या लाइनवरून रिटायर झाल्यावर स्वतःच्या हातानं पत्रा आणि पितळ ठोकून जे हातभर लांबीचं इंजिन बनवलं, ते तुम्ही पाहिलं आहे. जुन्या जीपच्या वायपरची मोटर, पितळी पट्ट्यांचा रूळ, आणि करंट कमीजास्त करायला एक गोल खटका. त्या खटक्याला ते रेग्युलेटरच म्हणतात. दर तान्ह्या पोळ्याला मारोतीच्या पारासभोवती रूळ मांडायचा, गावातल्या पोरापोरींनी सजवून आणलेला एकेक लाकडी नंदी इंजिनामागच्या वाघिणीवर उभा करायचा, आणि त्याला पाराची एक फेरी घडवून तोरणाखाली उतरवायचा. दुसऱ्या गावात नंदी दोरीनं ओढत नेतात. करडीत नंदी रेल्वेनं जातो. आजूबाजूच्या गावांचे लोक पाहायला येतात. आणि मामाजी खाकी कोट घालून खटक्यापाशी बसतात तेव्हा त्या दिवसापुरते ते रिटायर नसतात, हे तुम्हांला मी काय सांगावं.

तर मागच्या वर्षी त्यांचा हात हलू लागला होता. घरात सगळ्यांना दिसत होतं, चहाच्या बशीवर कप वाजायचा, पण बोलायची कोणाची टाप नव्हती. हात हलला की खटका हलतो, खटका हलला की इंजिन हिसके देतं, आणि हिसका बसला की नंदी पडतो. तीन नंदी पडले. पोळ्याच्या सणाला नंदी आडवा पडणं म्हणजे काय ते इथले लोक बोलून दाखवत नाहीत, पण मनात धरतात. तेवढ्यात भैयाजी (पोळा समितीचे अध्यक्ष, तुमच्या वर्गात होते असं ते सगळ्यांना सांगतात) हसून म्हणाले की ड्रायव्हरसाहेबांचं इंजिन आता नाचायला लागलं. लोक हसले. मामाजी पण हसले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चावडीवर जाणं सोडलं. हे मी गाळलं होतं. त्यानंतर या उन्हाळ्यात भैयाजी घरी येऊन फार गोड आवाजात सांगून गेले की तुम्ही पुष्कळ सेवा केली, यंदा आराम करा, आमचा पुतण्या टिकाराम चालवील. मामाजींनी एवढंच म्हटलं की यंदा मी चालवीन, मंग पाहू. म्हणजे यंदा एकही नंदी पडला असता तर तो खटका कायमचा टिकारामकडे गेला असता. म्हणूनच मी तुम्हांला ते घाबऱ्या अक्षरातलं पत्र टाकलं आणि म्हणूनच तुम्ही ही डबी पाठवली.

आता प्रश्न असा की ही डबी कशासाठी हे मामाजींना सांगायचं कोणी? तुमचा हात हलतो म्हणून पोरानं बटणं पाठवली, असं म्हणालो असतो तर त्यांनी मला डबीसकट तलावात टाकलं असतं. मग तुमच्या बहिणीनं डोकं चालवलं. (ते तिचं नेहमी चालतं, माझ्या विरुद्ध चालतं एवढंच.) तिनं सांगितलं की भोजराजदादाच्या कंपनीला हे नवीन यंत्र उष्ण देशात चालतं का ते तपासून पाहिजे, आणि त्यासाठी अनुभवी ड्रायव्हरचा रिपोर्ट लागतो. मामाजींनी ऐकून घेतलं. संध्याकाळी पाहतो तर खाकी कोट दोरीवर वाळून राहिला आणि मामीजी पितळी बटणं चिंचेनं घासून राहिल्या.

सुरुवात मी फार थाटात केली. घरात नीट चालणारा प्लग एकच, देवघरातला. तेव्हा मी आंघोळ करून, शर्ट काढून, देवापुढे पाटावर बसून सोल्डरिंग करू लागलो. मामीजींना आधी ते पटलं नाही, पण सोल्डरला लावायची राळ तापून तिचा धूर निघाला तेव्हा त्यांना तो उदासारखा वाटला, आणि जावई काहीतरी धर्माचं काम करून राहिला अशी त्यांची समजूत झाली. ती मी मोडली नाही. अंगठा तिथेच भाजला. देवासमोर तोंडातून जे शब्द निघाले ते निर्मलेनं ऐकले, मामीजींनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

यंत्राचं तत्त्व मामाजींना समजावून सांगणं ही तर वेगळीच मौज. मी म्हटलं, यात रुळात करंट कायम उभा असतो, पण इंजिन हलत नाही. पाटीवरून हुकूम निघतो, तो रुळातूनच जातो, इंजिनातली डबी तो ऐकते, आपला नंबर आहे का पाहते, आणि आपलाच असला तरच मोटर फिरवते. वेग पण आपोआप हळूच चढतो, हळूच उतरतो. मला वाटलं होतं ते डोक्यावर हात मारतील. पण त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की बरोबर आहे, ऑर्डर भेटल्याशिवाय गाडी हलत नसते, जर्मन लोकांना रेल्वे समजते. त्यानंतर नंबरावरून अडलं. त्यांच्या जुन्या इंजिनाचा नंबर चारशे सतरा, तोच पाहिजे. तुमची डबी ऐंशीच्या वर नंबरच घेत नाही. मी सतरा लावतो म्हटलं, तर ते म्हणाले की सतरा नंबरचं इंजिन वेगळं होतं, ते नालायक होतं, चढावर दम टाकायचं. दोन दिवस त्या सतरावरून घरात जेवणं अबोल झाली. शेवटी मी बाहेरून पितळी अक्षरात चारशे सतरा रंगवलं, आत सतराच ठेवलं, आणि देवाची शपथ न घेता काय बोलता येईल तेवढं बोलून वेळ मारून नेली.

पुढची अडचण डबी ठेवायची कुठे. खाली मोटर आणि गिअर. केबिनमध्ये मामाजींनी शिशाचा ड्रायव्हर आणि त्याच्या बाजूला फावडंवाला बसवला आहे, त्यांना हलवायची गोष्ट काढली तर ते म्हणाले की ड्युटीवरच्या माणसाला उतरवता येत नाही. राहिला बॉयलर. गोल, पोकळ, रिकामा, वरचा पितळी घुमट फिरवला की उघडतो, तळाला एक भोकपण आहे वायरी न्यायला. जणू काही डबीसाठीच बनवला होता. मी डबी आत बसवली, वायरी खालून काढल्या, घुमट घट्ट फिरवला आणि स्वतःवर एवढा खूश झालो की निर्मलेला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिनं विचारलं, बाबांना विचारलं का? मी म्हटलं, यात बाबांना काय विचारायचं, यात इलेक्ट्रॉनिक्स आहे. हे माझं वाक्य ती आता मरेपर्यंत मला ऐकवणार आहे.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी बैलांची पूजा झाली, पुरणपोळ्या झाल्या, आणि ओसरीवर रूळ मांडून आम्ही चाचणी घेतली. पहिल्यांदा इंजिन मागेच गेलं आणि वाघीण उंबऱ्यावरून खाली. (वायरी उलट जोडल्या होत्या. मी त्याला शंटिंग म्हटलं, मामाजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.) वायरी बदलल्या. मग मामाजींनी कोट अंगात घातला, पाटी मांडीवर घेतली आणि बटण दाबलं. हात हलत होता, भाऊ. बोट बटणावर थडथड वाजत होतं. पण इंजिनाला त्याचा पत्ताच नव्हता. ते असं निघालं, असं अल्लाद, की वाघिणीवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी सांडलं नाही. ओसरीचं एक वळण घेऊन ते त्यांच्या पायाशी येऊन थांबलं. मामाजींनी दुसऱ्यांदा चालवलं, तिसऱ्यांदा चालवलं, आणि मग रात्रीच्या जेवणाला स्वतःहून दुसरी पोळी मागितली. मला भरून आलं. लिहायला लाज नाही वाटत. त्या दिवशी तुम्ही इथे असायला पाहिजे होते.

इथेच पत्र संपवलं असतं तर किती बरं झालं असतं.

तान्ह्या पोळ्याचा दिवस उजाडला. मारोतीसमोरचं मैदान शेणानं सारवलं होतं, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, पारासभोवती रूळ, ग्रामपंचायतीच्या खांबावरून वायर, आणि करडीचं व्होल्टेज माहीत असल्यामुळे मी दुकानातला स्टॅबिलायझर पण आणला होता. पोरं झुलीमाळांनी सजवलेले नंदी घेऊन ओळीत. भैयाजी पांढऱ्याशुभ्र धोतरात खुर्चीवर, त्यांच्या मागे टिकाराम, उगाच हात चोळत. भजन झालं, नारळ फुटला, कुंकू लागलं. मी पाटीपाशी उभा राहून आजूबाजूच्यांना जर्मन यंत्राची माहिती देऊन राहिलो होतो. (विचारलं कोणी नव्हतं.)

आता एक गोष्ट आहे जी करडीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तुम्हांला ठाऊक आहे, निर्मलेला ठाऊक आहे, आणि ज्याला ठाऊक असायला पाहिजे होती त्या जावयाला मात्र नाही. कारण मी दर पोळ्याला दुकानामुळे उशिरा पोचतो, तोवर पूजा झालेली असते. तुमच्या वडिलांनी उभ्या नोकरीत बॉयलरचं पाणी तपासल्याशिवाय इंजिन शेडबाहेर काढलं नाही. तेव्हा हे इंजिन विजेचं असो की हवेचं, तान्ह्या पोळ्याला निघण्याआधी ते घुमट उघडतात आणि पळीनं पाणी घालतात. आजवर ते पाणी तळाच्या भोकातून खाली जमिनीवर जायचं आणि कोणाचं काही बिघडायचं नाही. यंदा ते भोक माझ्या वायरींनी बुजलं होतं.

मी तोंड उघडेपर्यंत दोन पळ्या आत गेल्या होत्या. हळदकुंकवाचं पाणी, वरून थोडं नारळाचं. मामाजींनी घुमट फिरवला, समाधानानं पाटी मांडीवर घेतली, पहिला नंदी वाघिणीवर चढला आणि त्यांनी बटण दाबलं. इंजिन जागचं हललं नाही. परत दाबलं. नाही. मग बॉयलरच्या आतून चुर्र असा आवाज आला, डबीनं आपला नंबर ऐकायचं सोडून दिलं, आणि उभ्या रुळातला सगळा करंट एकदम मोटरीत घुसला. भाऊ, वायपरच्या मोटरीत एवढा जीव असतो हे मला या धंद्यात राहून माहीत नव्हतं. पहिल्या वळणावर इंजिन टिकलं, नंदी टिकला नाही. तो वाघीण सोडून निघाला आणि थेट भैयाजींच्या धोतराच्या घोळात जाऊन बसला. इंजिन तसंच पाराला फेऱ्या मारत राहिलं. आणि चिमणीतून धूर निघाला. खराखुरा, काळा, भरपूर धूर. आजवर या इंजिनातून कधी धूर निघाला नव्हता, त्यामुळे गावाला वाटलं की जर्मनीहून आलेली चीज ती हीच, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं क्षणभर मामाजींनाही तो धूर आवडला. मी वायर उपटली तेव्हा इंजिन आमच्या समोर येऊन थांबलं आणि घुमटाच्या फटीतून पिवळं पाणी गळू लागलं.

टाळ्या थांबल्यावर लोकांना कळलं. भैयाजींनी धोतरातून नंदी काढून ज्या पोरीचा होता तिच्या हातात दिला, तिचे डोळे पुसले (माणूस वाईट नाही हो), आणि मग हळूच म्हणाले की होऊन राहते असं, टिकाराम पाहून घेईल, ड्रायव्हरसाहेब तुम्ही सावलीत बसा. तोवर तुमच्या बहिणीनं पिशवीतून जुना खटका काढून माझ्या हातात ठेवला होता. (घरून निघताना तिनं तो गुपचूप घेतला होता. माझ्यावर तिचा किती विश्वास आहे ते यावरून समजावं.) मी जळालेली डबी उपसून काढली, मोटरीच्या वायरी सरळ रुळावरच्या चाकांना जोडल्या, जर्मन ट्रान्सफॉर्मर काढून तिनंच आणलेला आपला जुना लावला. इंजिन परत आपल्या मूळ जातीवर आलं. टिकाराम पुढे आला. मी खटका त्याला न देता मामाजींपुढे ठेवला.

त्यांनी खटक्याकडे पाहिलं. मग हात उचलून सगळ्यांपुढे धरला. हलत होता, चांगलाच हलत होता.

“मी नाई चालवत गा,” ते म्हणाले. “हात हालते माह्या. भोजराजनं डबी त्याच्याचसाठी पाठवली ना? मले मालूम होतं.”

मी खाली पाहिलं. निर्मलेनं खाली पाहिलं. टिकाराम बिचारा आलेला तसाच मागे सरकला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून मामीजी उठल्या. त्यांचे गुडघे तुम्हांला माहीतच आहेत, उठायला वेळ लागला. पदर डोक्यावरून नीट घेतला, भर पुरुषांतून चालत आल्या, आणि मामाजींच्या बाजूला सारवलेल्या जमिनीवर बसल्या. या बाईंनी आजवर गावात नवऱ्याच्या बाजूला उभं राहून फोटोसुद्धा काढू दिलेला नाही. त्यांनी मामाजींच्या उजव्या हातावर आपला हात ठेवला. मागून कोणी तरी खाकरलं. मामीजींनी तिकडे न पाहताच सांगितलं, “पूजेत लावतच असतो ना हाताले हात. हे बी पूजाच हाये.” आणि मग मामाजींना हळू आवाजात, “चला, सांगा कोनीकडे फिरवाचं ते.”

पूजेत बायको नवऱ्याच्या हाताला नुसतं बोट लावते, भाऊ. मी जवळ होतो, मी पाहिलं. मामीजींनी तो हात घट्ट धरला होता, धानाची पेंढी धरतात तसा. मामाजी फक्त एवढंच म्हणत होते, थोडं, अजून थोडं, बस. आणि इंजिन निघालं. डबीनं नेलं होतं त्यापेक्षाही हळू. पहिला नंदी परत त्याच पोरीचा ठेवला. फेरी पूर्ण झाली, तोरणाखाली नंदी उतरला, ताठ उभा. मग दुसरा, मग तिसरा. सगळ्या गावाचे नंदी झाले, एकही पडला नाही. भैयाजींनी शेवटी स्वतः उठून मामाजींना नारळ दिला, आणि थोडा विचार करून अजून एक मागवून मामीजींना दिला. टिकारामनं रूळ गोळा करायला मदत केली आणि पुढच्या वर्षी आपल्याला गार्डाची झेंडी भेटेल का, असं मामाजींना विचारलं. ते विचार करून सांगतो म्हणाले.

निर्मलेनं माझ्याशी बोलणं सोडलं ते त्या दुपारपासून. मी म्हटलं, बाबा पाणी घालतात हे तू मला सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली, तुम्ही विचारलं होतं का, त्यात तर इलेक्ट्रॉनिक्स होतं.

मामाजींनी कंपनीसाठीचा रिपोर्ट मात्र सांगितला आहे. सगळं माहीत असूनही त्यांनी तो सांगितला, कारण काम अंगावर घेतलं म्हणजे घेतलं. त्यांच्याच शब्दांत असा की यंत्र चांगलं आहे, हुकूम ऐकते, मात्र पाण्याला भिते, आणि पाण्याला भिणारं यंत्र बॉयलरमध्ये बसवणाऱ्या फिटरला चार्जशीट द्यावी. फिटर मीच. तुम्ही तुमच्या कंपनीला कळवायचं असेल तर माझं नाव न घालता कळवा, साकोलीत मला धंदा करायचा आहे.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. थंडीत कानाला काही तरी बांधत जा, असा मामीजींचा निरोप आहे. इथल्या घामात बसून त्यांना तुमच्या कानांची काळजी लागली आहे.

तुमचा, आगीतून आणि पाण्यातून सारखाच बाहेर पडलेला,
जागेश्वर

ता. क. : खरं तर पत्र याच्याचसाठी लिहायला घेतलं होतं, पण वर सांगायची हिंमत झाली नाही. अजून एक डबी पाठवता आली तर पाहा. कोणी येणारं असलं तर त्याच्या हातून, आणि घरी न सांगता दुकानाच्या पत्त्यावर. या वेळी मी ती वाघिणीत बसवीन, रबराच्या पिशवीत बांधून. मामाजींना दुसऱ्याच्या आधारानं खटका फिरवावा लागतो ते मला पाहवत नाही. एवढे मोठे ड्रायव्हर, त्यांना एकट्यानं गाडी चालवता यावी असं मला मनापासून वाटते.

आणखी ता. क. : निर्मलेनं पत्र माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, ता. क. सकट. मामीजी तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. तान्ह्या पोळ्यापासून रोज दिवे लागायच्या आधी मामाजी ओसरीवर रूळ मांडतात आणि मामीजींना हाक मारतात, हे मी वर लिहायचं विसरलो. सण नाही, नंदी नाही, रिकामी वाघीण घेऊन दोघं तासभर इंजिन चालवतात. डबीचं ऐकलं आणि मामीजींनी सूप खाली ठेवलं. मला म्हणाल्या तेच जसंच्या तसं लिहितो, शुद्ध नसलं तरी: “भोजराजले लिवा, डबी पाठवू नोको म्हना. डबी आली का मंग हे मले बाजूले बसू देनार नाईत.”